फायबरची होडी मोडायची कुठे?

होडी म्हातारी झाली की आधी इंजिन विकलं जातं, मग लोखंड-पितळ भंगारात जातं. उरतं ते फायबरचं कवच. त्याला भंगारवालाही हात लावत नाही. मुंबईच्या कोळीवाड्यांत लाकडी होडीच्या फळ्या निदान चुलीत तरी जायच्या. फायबर पेटवलं तर काळा, विषारी धूर निघतो आणि काचेचे तंतू राखेत तसेच उरतात.

काचेच्या बारीक धाग्यांचं कापड आणि त्यात मुरवलेलं पॉलिएस्टर रेझिन, एवढंच हे कवच. डब्यातलं रेझिन मधासारखं वाहतं. हार्डनर, म्हणजे ते कडक करणारं रसायन, मिसळला की रेझिनमधलं स्टायरीन हे द्रव्य पॉलिएस्टरच्या रेणूंच्या साखळ्या एकमेकींना बांधत जातं आणि होडीभर जाळं विणलं जातं. प्लास्टिकच्या बादलीतल्या साखळ्या सुट्या असतात, म्हणून ती वितळवून पुन्हा घडवता येते. फायबर तापवलं तर करपतं. भाजलेल्या भाकरीचं पुन्हा पीठ होत नाही, तसंच हे.

टाकून दिलेलं कवच उन्हानं आणि लाटांनी झिजत राहतं. इंग्लंडमधल्या चिचेस्टर बंदरातल्या कालवांत, म्हणजे खाण्याच्या शिंपल्यांत, ब्रायटन विद्यापीठाच्या संशोधकांना किलोमागे काचतंतूंचे ११,००० पर्यंत कण सापडले. २०२४ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. खडपांवरची कालवं आपल्याकडेही आवडीनं खातात. म्हणून या आकड्यानं मला धास्ती वाटते.

सिमेंटची भट्टी हा एक चांगला मार्ग आहे. सुमारे १४५० अंशांच्या त्या भट्टीत रेझिन इंधन म्हणून जळतं आणि काचेतली सिलिका, चुना, अ‍ॅल्युमिना सिमेंटमध्येच मुरतात. वेगळी राख उरत नाही. जपाननं २००५ पासून जुन्या होड्यांसाठी हीच वाट धरली.

आपल्याकडे अडतं ते अंतरापाशी. महाराष्ट्रातल्या मोठ्या सिमेंट भट्ट्या चंद्रपूरकडे, होड्या अरबी समुद्राकाठी. अख्खं कवच ट्रकवर चढवलं तर ट्रक हवेनंच भरतो. तेव्हा ते बंदरावरच कापायला हवं, तेही पाणी मारत, तोंडाला चांगला मास्क लावून, कारण काचेची धूळ फुप्फुसात जाते. धुतलेलं पाणी गाळल्याशिवाय खाडीत सोडायचं नाही.

पैसे कुणी द्यायचे? फ्रान्समध्ये २०१९ पासून नव्या होड्यांच्या विक्रीतूनच यासाठी रक्कम घेतात. मोडणी फुकट, पण मोडणीच्या जागेपर्यंत होडी न्यायचा खर्च मालकाचा. आपल्याकडे तोही त्याच रकमेत धरावा आणि ती कारखान्यातून होडी बाहेर पडतानाच घ्यावी. वीस-तीस वर्षांनी होडी दुसऱ्या-तिसऱ्या मालकाच्या दारात असते, आणि बहुधा त्याच्याकडेच सगळ्यांत कमी पैसे असतात.