घरातलं कोणी नेव्हीत ऑफिसर होतं? त्यांचं सर्व्हिस रेकॉर्ड कुठे शोधायचं, अर्ज कसा करायचा, कागद काय लागतात

आमच्या मामाआजोबांचा, म्हणजे आजीच्या थोरल्या भावाचा, घरात एकच फोटो होता. गडद कोट, बाहीवर दोन पट्ट्या, मागे पेन्सिलीने "मुंबई ४४" एवढंच. सगळे म्हणायचे नेव्हीत ऑफिसर होते, पण कुठल्या जहाजावर, कधी लागले, कधी सुटले, कोणालाच सांगता यायचं नाही, आणि आजी गेली तेव्हा विचारायला माणूसच उरलं नाही. मग मी शोधायला लागले. त्यात जे कळलं ते इथे लिहितेय, कारण कोकणात आणि मुंबईत अशी घरं भरपूर आहेत आणि बहुतेक जण पहिला अर्जच चुकीच्या ठिकाणी करतात. मीही तेच केलं होतं, त्यात चार महिने गेले.

अर्जाच्या आधी तीन गोष्टी नक्की करा. माणूस ऑफिसर होता की सेलर, साल साधारण कोणतं, आणि नेव्ही नक्की कोणती. आपल्याकडे "नेव्हीत होते" हे फार सैल बोललं जातं, मर्चंट नेव्हीत म्हणजे व्यापारी बोटीवर असलेल्या माणसालाही तेच म्हणतात. घरात सीडीसी सापडली, म्हणजे बोटीवरच्या माणसाची नोकरीच्या नोंदींची पुस्तिका, जुने लोक जिला नली म्हणायचे ती, तर तो माणूस मर्चंट नेव्हीचा, त्याचा रस्ता शिपिंग मास्टरच्या ऑफिसकडे जातो, नौदलाकडे नाही. सेलर असेल तर नौदलाचं सेलर लोकांचं रेकॉर्ड ऑफिस मुंबईत मानखुर्दला आहे, ब्यूरो ऑफ सेलर्स. ऑफिसरचं रेकॉर्ड दिल्लीला नौदल मुख्यालयाच्या अखत्यारीत. एवढा एक फरक आधी कळला तरी निम्मं काम होतं.

आता फोटो. ऑफिसरचा फोटो असेल तर तो भिंगातून किंवा मोबाईलवर झूम करून नीट बघा, बाहीवरच्या पट्ट्या खूप काही सांगतात. १९५० च्या आधीच्या फोटोत पट्ट्या सरळ असतील तर माणूस कायम नोकरीतला, रॉयल इंडियन नेव्हीचा. पट्ट्या एकमेकीत वेणीसारख्या गुंतलेल्या असतील तर रिझर्व्हचा, म्हणजे मुळात मर्चंट नेव्हीतला माणूस नौदलात घेतलेला. आणि नागमोडी, लाटेसारख्या असतील तर व्हॉलंटियर रिझर्व्ह, म्हणजे युद्धासाठी भरती झालेला. मामाआजोबांच्या पट्ट्या नागमोडी निघाल्या. इतकी वर्षं तो फोटो भिंतीवर होता आणि कोणाचंच तिकडे लक्ष नव्हतं! दोन पट्ट्या म्हणजे लेफ्टनंट. पट्ट्यांच्या मधे रंगीत कापड असेल तर शाखा कळते, जांभळं इंजिनिअरचं, पांढरं हिशेब-पुरवठ्याचं, लाल डॉक्टरचं, फक्त ब्लॅक अँड व्हाइट फोटोत पांढरंच काय ते ओळखू येतं, बाकीच्या रंगांवर पैज लावू नका.

सालाचं महत्त्व यासाठी की नौदलाचं नाव सारखं बदललंय आणि जुने कागद त्या-त्या नावाखाली लावलेले असतात. १८३० पासून इंडियन नेव्ही, १८६३ ला परत बॉम्बे मरीन, १८९२ ला रॉयल इंडियन मरीन, २ ऑक्टोबर १९३४ ला रॉयल इंडियन नेव्ही, आणि २६ जानेवारी १९५० ला "रॉयल" गेलं आणि आत्ताचं भारतीय नौदल झालं. यात एक गोष्ट मुद्दाम सांगते. पहिले भारतीय ऑफिसर डी. एन. मुखर्जी, इंजिनिअर शाखेत, १९२८ साली कमिशन, म्हणजे ऑफिसर म्हणून नेमणूक, मिळालं. त्यामुळे "पणजोबा १९०० साली नेव्हीत ऑफिसर होते" असं घरात सांगत असतील तर ते बहुधा सारंग किंवा तांडेल, म्हणजे खलाशांवरचे मुकादम, असणार. रॉयल इंडियन मरीनची खलाशी भरती मुख्यतः रत्नागिरी जिल्ह्यातूनच व्हायची, त्यामुळे यात कमीपणा अजिबात नाही, फक्त शोध ऑफिसरांच्या यादीत करू नका, तिथे नाव सापडणार नाही आणि तुम्हाला वाटेल की घरच्यांनी खोटं सांगितलं. (आणि आंग्र्यांच्या आरमारातला पूर्वज शोधत असाल तर तो विषयच वेगळा, त्यासाठी पुण्याचं पेशवे दफ्तर आणि मोडी वाचणारा माणूस लागतो.)

यानंतर घरबसल्या फुकट करता येणारं काम आधी उरका. दुसऱ्या महायुद्धातल्या नेव्ही लिस्ट स्कॉटलंडच्या नॅशनल लायब्ररीच्या साइटवर स्कॅन करून ठेवल्यात. नेव्ही लिस्ट म्हणजे ऑफिसरांची छापील यादी, नावासमोर हुद्दा आणि सीनियॉरिटीची तारीख, म्हणजे त्या हुद्द्यावर कधीपासून धरलंय ती तारीख. ही तारीख सोन्यासारखी आहे, पुढच्या प्रत्येक अर्जात ती टाका. नाव शोधताना मात्र आडनाव आणि इनिशियल्सनीच शोधा, पूर्ण नाव टाकून काही हाती लागत नाही. १९६२ ते १९६६ नौदलप्रमुख असलेले भास्कर सदाशिव सोमण जुन्या यादीत शोधायचे तर बी. एस. सोमण असेच शोधावे लागतात, मग आपल्या माणसाचं काय. आणि स्पेलिंग तीन-चार प्रकारे करून बघा, सावंत मधला व कधी डब्ल्यू असतो कधी व्ही, परब, राणे, चव्हाण सगळ्यांचं तेच. स्वातंत्र्यानंतरचा ऑफिसर असेल तर भारताच्या राजपत्रात भाग १ कलम ४ बघा, संरक्षण मंत्रालयाच्या ऑफिसर नेमणुका आणि बढत्या त्यात छापल्या जातात.

आता खरा अर्ज. दोन रस्ते आहेत. तुम्ही पत्नी, मुलगा, मुलगी असाल आणि पेन्शनचा किंवा वारसाचा प्रश्न असेल तर आरटीआयच्या फंदात पडू नका, आधी आपल्या जिल्ह्याच्या सैनिक कल्याण कार्यालयात जा, तिथे पत्र करून देतात आणि नौदलाला कुठे पाठवायचं हे त्यांना माहीत असतं. जुनी पेन्शन ऑर्डर, म्हणजे पीपीओ, असेल तर तिच्यावर पर्सनल नंबर, म्हणजे नौदलाने त्या माणसाला दिलेला नंबर, सापडतो, आणि पर्सनल नंबर मिळाला की मग नावाचं स्पेलिंग चुकलं तरी अडत नाही.

नातवंडं, पतवंडं, भाचेनातू अशा लांबच्या नात्यासाठी माहिती अधिकार हाच सरळ रस्ता. पात्रता एकच, अर्जदार भारताचा नागरिक पाहिजे, नातं सिद्ध करा असं कायदा म्हणत नाही, आणि माहिती का हवी हेही सांगायची सक्ती नाही. केंद्र सरकारच्या आरटीआय ऑनलाइन साइटवर संरक्षण मंत्रालयाखाली नौदल निवडायचं, १० रुपये फी, दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला माफ, अर्ज ३००० अक्षरांत बसवायचा. पोस्टाने करायचा तर १० रुपयांची पोस्टल ऑर्डर. उत्तर ३० दिवसांत यायला हवं, नाही आलं किंवा पटलं नाही तर ३० दिवसांत पहिलं अपील. झेरॉक्सला पानामागे २ रुपये. अर्ज चुकीच्या ऑफिसात पडला तर त्यांनी तो ५ दिवसांत योग्य ठिकाणी पाठवायचा असतो, कलम ६(३), हे कलम अर्जात शेवटी लिहूनच टाका.

अर्जात काय मागायचं यावर सगळं अवलंबून आहे. "आजोबांची सर्व माहिती द्यावी" असं लिहिलं की "माहिती सुस्पष्ट नाही" असं उत्तर ठरलेलं, माझा पहिला अर्ज अशाच एका ओळीवर परत आला होता. त्याऐवजी नेमकं लिहा: कमिशनची तारीख, सेवेतून मुक्त झाल्याची तारीख, कोणत्या जहाजांवर आणि ठिकाणांवर पोस्टिंग होतं, रेकॉर्ड ऑफ सर्व्हिसची प्रत. आणि एक प्रश्न हमखास जोडा, रेकॉर्ड उपलब्ध नसेल तर ते नष्ट केलं की पुराभिलेखाकडे पाठवलं, आणि त्या नोंदीची प्रत द्या. नुसतं "उपलब्ध नाही" इथे प्रकरण थांबत नाही मग. खाजगी माहिती म्हणून नाकारलं तर अपिलात कलम ८(३) दाखवा, २० वर्षांपूर्वीच्या घटनेच्या माहितीला त्यात वेगळी तरतूद आहे.

नातं सिद्ध करायची सक्ती नसली तरी मी कागद जोडलेच, आणि सैनिक कल्याणच्या रस्त्याने गेलात तर ते लागणारच. तुमचं आधार किंवा पासपोर्ट, त्यांचा मृत्यूचा दाखला, आणि नात्याची साखळी दाखवणारं काहीतरी. मामाआजोबांपर्यंत पोचायला मला आजीचं माहेरचं नाव सिद्ध करायचं होतं, ते कुठेच मिळेना, शेवटी गावच्या जमिनीच्या जुन्या फेरफारात सापडलं, भावंडांची नावं ओळीने लिहिलेली, आजीचं माहेरचं नाव आणि पुढे "लग्न झालेली" अशी नोंद. सातबारा सगळे काढतात, फेरफार कोणी बघत नाही, आणि खरी वंशावळ फेरफारातच असते. त्यांच्या जन्मतारखेसाठी शाळेचा दाखला काढा, शंभर वर्षांपूर्वीचं जनरल रजिस्टर बऱ्याच शाळांत अजून जपून ठेवलेलं आहे, हेडमास्तरांना साधा अर्ज दिला की उतारा मिळतो. नावात फरक असेल तर "दोन्ही नावं एकाच व्यक्तीची" असं प्रतिज्ञापत्र करून ठेवा.

परदेशात असलेल्यांसाठी: भारतीय पासपोर्ट असेल तर तिकडून ऑनलाइन आरटीआय करता येतो, पण परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीयांना मिळणारं ओसीआय कार्ड म्हणजे नागरिकत्व नाही, त्यामुळे इथल्या चुलत-मावस भावंडाला अर्जदार करा. इंग्लंडमध्ये असाल तर उलट तुमचीच इकडे मदत होईल. लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसचे कागद आहेत, त्यात जुन्या मरीनचे आणि रॉयल इंडियन नेव्हीचेही. पूर्वज ब्रिटिश रॉयल नेव्हीतच ऑफिसर असेल, काही अँग्लो-इंडियन घरांत असतात, तर लंडनमधल्याच क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये एडीएम १९६ ही मालिका बघा. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचा अभिलेख पटल हा पोर्टल तर कुठूनही फुकट रजिस्टर करून शोधता येतो. फेब्रुवारी १९४६ च्या नाविकांच्या उठावात, मुंबईतल्या तलवार या नौदलाच्या तळावर १८ तारखेला जो सुरू झाला त्यात, घरातलं कोणी असेल तर तिथेच आधी शोधा.

युद्धात माणूस परत आलाच नाही अशी घरं असतील तर अर्जाआधी कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या साइटवर नाव टाका, लॉगिनही लागत नाही. समुद्रात गेलेल्यांना थडगं नसतं, रॉयल इंडियन नेव्हीच्या अशा लोकांची नावं मुंबई १९३९-४५ स्मारकाच्या नोंदवहीत आहेत, ती मुंबईतच इंडियन सीमेन्स होममध्ये ठेवलेली आहे.

आणि घरात जुनी पदकं असतील तर ब्रासोने घासू नका प्लीज. त्या युद्धाची भारतात दिलेली पदकं बऱ्याचदा नाव ठोकून दिलेली असायची, कडेच्या जाडीवर, अगदी बारीक अक्षरात. आमच्याकडचं पदक आत्याच्या देवघरात एका डबीत होतं. मी ते खिडकीपाशी नेऊन तिरकं धरलं तेव्हा आधी नुसते ओरखडे वाटले, मग हुद्दा दिसला, मग इनिशियल्स, मग आडनाव, आणि स्पेलिंग आम्ही आजवर करत होतो त्यापेक्षा वेगळं. त्या स्पेलिंगने दुसरा अर्ज केला, तेव्हा दोन पानं आली.