राउटरवरील आणि संगणकावरील व्हीपीएन

इंटरनेटवरची ये-जा कूटबद्ध करून दूरच्या सर्व्हरमार्फत नेणारा बोगदा म्हणजे व्हीपीएन. तो घरात कुठे सुरू होतो, राउटरमध्ये की संगणकात, यावर त्याचा उपयोग आणि त्रास दोन्ही ठरतात.

संगणकावर बसवलेला बोगदा त्या एका यंत्रापुरता असतो. पुण्याच्या कंपनीचे काम गावातून करणाऱ्या मुलीला तेवढा पुरतो. लॅपटॉप घेऊन ती तालुक्याला गेली तरी तो सोबत जातो. राउटरवरच्या बोगद्यात टीव्ही, गोदामातला कॅमेरा अशी ॲप न चालणारी यंत्रेही येतात. मात्र मोबाइल घराबाहेर पडला की त्या बोगद्यातून सुटतो.

वेगात राउटर बहुधा मागे पडतो. २००१ साली आलेले ओपनव्हीपीएन हे व्हीपीएन सॉफ्टवेअर प्रोसेसरवर मोठा भार टाकते. ते सहसा वापरते त्या एईएस या कूटलेखन पद्धतीची खास सोय संगणकाच्या प्रोसेसरमध्ये असते, स्वस्त राउटरमध्ये ती सहसा नसते. मार्च २०२० मध्ये लिनक्स या कार्यप्रणालीच्या गाभ्याच्या ५.६ आवृत्तीत सामील झालेले वायरगार्ड हे दुसरे व्हीपीएन सॉफ्टवेअर अशा राउटरवर बरेच हलके चालते, कारण त्याच्या चाचा२० या कूटलेखन पद्धतीला त्या सोयीची गरज नसते.

विदर्भातल्या खेड्यात खरी अडचण विजेची आहे, आणि राउटर निवडताना तिचा विचार सर्वांत कमी होतो. वरूड-मोर्शीकडच्या एखाद्या घरात ओसरीच्या भिंतीवर, मीटरशेजारी राउटर टांगलेला असतो. दुपारी लाइन जाते, तासाभराने येते. दिवे हिरवे होतात, मोबाइलवर वायफायची खूण दिसते, पण एकही पान उघडत नाही. बहुतेक घरगुती राउटरमध्ये घड्याळ चालू ठेवणारी बॅटरी नसते, त्यामुळे वीज परतल्यावर राउटर मागच्या वेळेत जागा होतो. वायरगार्डचा सर्व्हर आधीच्या जोडणीची वेळ लक्षात ठेवतो आणि त्याहून जुन्या वेळेची मागणी नाकारतो. योग्य वेळ इंटरनेटवरून घ्यावी, तर तीही विनंती बंद बोगद्यातच अडकते. म्हणून वेळ विचारणारी वाहतूक आणि तिला लागणारे डीएनएस (संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा पत्ता शोधणारी सेवा) बोगद्याबाहेर ठेवणे अत्यंत गरजेचे आहे. राउटर आणि फायबरचा डबा या दोहोंना पुरेल असा छोटा डीसी यूपीएस लावला, तर हा प्रसंग बराच टळतो. संगणकाच्या घड्याळाला स्वतःची बॅटरी असल्याने तिथे हा प्रश्न क्वचितच येतो.

दुसरी अडचण बाहेरच्या टोकाची. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनी व्हीपीएन ग्राहकांच्या नोंदी ५ वर्षे ठेवणे बंधनकारक केले. त्यानंतर काही सेवांनी भारतातले सर्व्हर काढले. बोगदा परदेशात उघडला, की तिथल्या इंटरनेट (आयपी) पत्त्यावरून काही सरकारी संकेतस्थळे उघडत नाहीत. लॅपटॉपवर एक बटण दाबून बोगदा बंद होतो. राउटरवर मात्र सेटिंग उघडावी लागते, आणि ती माहीत असलेला मुलगा बहुधा नागपुरात किंवा पुण्यात असतो. घरी आई असते, हातात मोबाइल, आणि पीक विम्याच्या अर्जाची शेवटची तारीख. अशा घरात राउटरवर दोन नावांची वायफाय ठेवावी, एक बोगद्यातून जाणारी, दुसरी साधी. ओपनडब्ल्यूआरटी ही राउटरसाठीची मुक्त कार्यप्रणाली चालणाऱ्या राउटरवर हे जमते, आणि आईला फक्त वायफायचे नाव बदलावे लागते.