सॅकचं कापड नंतर, आधी कमरपट्टा बघा

आपण सोलापूरची माणसं, कुठलंही कापड दिसलं की आधी चिमटीत धरणार, निम्मं शहर लूमच्या आवाजात वाढलंय म्हटल्यावर ते होणारच. मी पण पहिली मोठी ट्रेकिंग सॅक अशीच घेतली, ६५ लिटरची, कापड एकदम जाड, ओढून बघितलं तर हलेना, लगेच पैसे दिले. मग हुतात्मा एक्सप्रेसने पुणे, तिथून खिरेश्वर आणि तोलार खिंडीतून हरिश्चंद्रगड. पाठीवर टेंट, भांडी, शिधा आणि ५ लिटर पाणी, सगळं मिळून साधारण १७ किलो. खिंडीच्या आधीच उजव्या हाताला मुंग्या यायला लागल्या आणि वर पोचेपर्यंत करंगळी बधिर, बाटलीचं झाकण फिरवता येईना. सॅक मात्र जशीच्या तशी, एक टाका उसवला नव्हता.

झालं असं की मानेतून हाताकडे नसांचा एक जुडगा जातो, ब्रेकियल प्लेक्सस म्हणतात त्याला, तो गळ्याजवळच्या हाडाखालून काखेत उतरतो. खांद्यावर पट्टा तासन्‌तास रुतून राहिला की या नसा दबतात. माझा हात दोन दिवसांत ठीक झाला, पण जड सॅक घेऊन लांब चालणाऱ्या सैनिकांचे हात काही काळ लुळे पडल्याच्या केसेस वैद्यकीय नोंदीत आहेत, त्यामुळे मुंग्या आल्या तर चालायचंच म्हणून पुढे रेटू नका, थांबा, सॅक उतरवा.

तेव्हापासून सॅक बघताना मी एकच प्रश्न विचारतो, आतलं ओझं कुठून कुठे जातंय? गड्ड्याच्या यात्रेत सिद्धेश्वरांचे सात नंदीध्वज निघतात ना, तेव्हा पेलणाऱ्या मानकऱ्याच्या कमरेकडे नीट बघा. एवढी उंच काठी, हात फक्त तोल सांभाळतात, भार कमरेला बांधलेल्या पट्ट्यावर. खांदा हा स्नायूंवर टांगलेला सांधा आहे, तो पटकन दमतो. कमरेचं हाड मात्र थेट मांडीच्या हाडावर बसलेलं, तिथे ठेवलेलं वजन हाडातून हाडात उतरत पायाखाली जातं. अमेरिकेत डिक केल्टी यांनी १९५२ च्या सुमारास ॲल्युमिनियमची फ्रेम आणि कमरपट्टा असलेल्या सॅक विकायला सुरुवात केली, आजच्या मोठ्या सॅकमागे हाच विचार आहे.

पण नुसता पट्टा असून भागत नाही, वरचं वजन त्या पट्ट्यापर्यंत न्यायला मधे काहीतरी ताठ लागतं, म्हणजे ॲल्युमिनियमच्या पट्ट्या किंवा फ्रेम. ती नसेल तर भरलेली सॅक गोणपाटासारखी मधे बसते आणि सगळं परत खांद्यावर येतं. माझ्या पहिल्या सॅकमध्ये पाठीला नुसता फोम होता, दुकानात मी तो चाचपून पण बघितला नव्हता.

दुसरं म्हणजे माप. आपण उंची सांगतो, पण लागते पाठीची लांबी. मान खाली घातली की मानेच्या बुडाशी जे हाड टोचतं तिथून सुरू करायचं, दोन्ही हात कमरेच्या हाडांवर ठेवून अंगठे मागे वळवायचे, अंगठ्यांच्या रेषेपर्यंत टेपने मोजायचं. सहा फुटी माणसाची पाठ आखूड असू शकते आणि बुटक्याची लांब. माप चुकलं की कमरपट्टा पोटावर तरी येतो नाहीतर खाली घसरतो, मग तो कितीही भारी असू दे, उपयोग नाही.

मार्केट यार्डात कांद्याची गोणी उचलणारे हमाल बघितलेत? ५० किलो मानेच्या खाली पाठीवर घेतात आणि अंग पुढे झुकवतात, गोणी पाठीला अगदी चिकटलेली. वजन पावलांच्या बरोबर वर यावं म्हणून ते झुकणं. सॅकचं पण असंच, तेच १५ किलो पाठीपासून १० सेंटीमीटरवर असतील तर मागे जितकं ओढतात त्याच्या दुप्पट २० सेंटीमीटरवर ओढतात, तरफेचा नियम आहे, आणि मग तुम्हाला तेवढं जास्त वाकावं लागतं. म्हणून पाणी आणि शिधा पाठीला चिकटून भरायचा, स्लीपिंग बॅग तळाशी, बाहेर लोंबकळणारं काही नको.

आणि एक हिशोब करून बघा. सपाट रस्त्यावर सुद्धा चालताना प्रत्येक पावलाला कंबर साधारण ५ सेंटीमीटर वर जाते आणि खाली येते. १०,००० पावलं म्हणजे सॅक एकूण ५०० मीटर उचलली. शरीर झोक्यासारखं यातली बरीच ऊर्जा परत मिळवतं, तरी सैल बांधलेली, हिसके देणारी सॅक का थकवते ते यावरून कळतं. २००६ मध्ये लॅरी रोम यांच्या गटाने इलॅस्टिक दोऱ्यांवर लटकवलेली सॅक करून दाखवली, माणूस वरखाली होतो पण वजन जवळपास जागच्या जागी राहतं, त्यामुळे चालायला ऊर्जा कमी लागते.

आता कापड. आमच्या शेजारचे मामा आयुष्यभर लूमवर होते, त्यांना मी दुकानात बरोबर नेलं तर लेबलवर ४२० आणि १००० बघून म्हणाले, "हजार काउंटचं सूत? एवढं बारीक?" त्यांचं बरोबर होतं, सुताच्या काउंटमध्ये आकडा वाढला की धागा बारीक होतो, ४० पेक्षा २० चं सूत जाड. पण सॅकच्या लेबलवरचे आकडे डेनिअरचे असतात आणि त्याचं उलट, ९००० मीटर धाग्याचं वजन ग्रॅममध्ये म्हणजे डेनिअर, आकडा वाढला की धागा जाड. हजार डेनिअर म्हणजे ९ किलोमीटर धागा १ किलोचा. ते कळल्यावर मामांनी सॅक सरळ उलटी केली आणि शिवण बघायला लागले. खांद्याचा पट्टा जिथे जोडलाय तिथे दाट आडव्या टाक्यांची पट्टी आहे का, कापडाची कड दुमडून पट्टी लावलीय का की धागे सुटतायत. "कापड काय, शिवणीपाशी जातंय सगळं," म्हणाले. बरोबर आहे ते, ताण येतो तो जोडावर. त्यामुळे सगळीकडे हजार डेनिअर घेऊन सॅकच ३ किलोची करण्यापेक्षा तळाला जाड आणि बाकी मध्यम कापड मला पटतं.

पट्ट्यातला फोम अंगठ्याने जोरात दाबा, अंगठा पलीकडे टेकला तर १५ किलोखाली तो फोम नसल्यात जमा.

आणि दुकानदाराला सांगून सॅकमध्ये खरंच १५ किलो भरा, दोरांची बंडलं, पाण्याच्या बाटल्या, जे असेल ते. आधी सगळे पट्टे सैल, मग कमरपट्टा हाडावर घट्ट, मग खांद्याचे, शेवटी खांद्याच्या वरून मागे फ्रेमला जाणारे छोटे पट्टे हलके ओढायचे. आता खांद्याच्या पट्ट्याखाली बोटं घालून बघा, सहज सरकली पाहिजेत. मग जिना, किमान दोन मजले, वर आणि खाली. मामांनी मला चार वेळा चढवलं, तिसऱ्या सॅकला बोटं सरकली, तीच घेतली.