सीपीआरदरम्यानचा इको

हृदयक्रिया बंद पडलेल्या रुग्णाला छातीदाब देणे (सीपीआर) सुरू असतानाच, जागच्या जागी हृदयाची सोनोग्राफी (इको) करून त्याची हालचाल पाहण्याची आणि ते का थांबले हे शोधण्याची पद्धत. मॉनिटरवर लहरी उमटत आहेत पण नाडी लागत नाही, अशा रुग्णांत तिचा खरा उपयोग होतो. हृदय अगदी निपचित आहे की ते आकुंचन पावते आहे पण बोटांना जाणवेल इतका दाब तयार होत नाही, हे ईसीजीवरून कळत नाही. व्हेंट्रिक्युलर फिब्रिलेशन (हृदय आकुंचन न पावता नुसते थरथरणे) असेल तर मात्र आधी विजेचा शॉक; इकोसाठी थांबायचे नाही.

छातीवर हात चालू असल्याने प्रोब (यंत्राचा अंगावर टेकवायचा भाग) उरोस्थीच्या, म्हणजे छातीच्या मधल्या हाडाच्या, टोकाखाली, पोटावर जवळजवळ सपाट दाबून धरतात. हृदयावरणात रक्त साचून हृदय दबले असेल तर ते रक्त सुईने काढता येते. उजवी जवनिका (हृदयाचा खालचा उजवा कप्पा) फुगलेली दिसली की फुप्फुसाच्या धमनीत गुठळी असल्याची शंका येते, पण हा मोठा चकवा आहे. हृदय थांबल्यावर ती इतर कारणांनीही फुगते. म्हणूनच युरोपियन रिससिटेशन कौन्सिलच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार केवळ यावरून निदान करू नये.

सगळ्यात मोठा धोका वेळेचा. नाडी तपासताना छातीदाब १० सेकंदांपेक्षा जास्त थांबता कामा नये. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अमेरिकी अभ्यासात इको केला तेव्हा हा खंड सरासरी २१ सेकंदांचा होता, न केला तेव्हा १३. यावर उपाय साधा आहे, पण सराव लागतो: प्रोब आधीच जागेवर ठेवायचा, एकाने मोठ्याने सेकंद मोजायचे, इकोची क्लिप (छोटी चित्रफीत) साठवायची आणि हात पुन्हा छातीवर गेल्यावरच ती बघायची. अन्ननलिकेतून केलेल्या इकोत हा खंड लांबत नाही, शिवाय दाब नेमका कुठे पडतो आहे हेही दिसते. पण त्यासाठी वेगळा प्रोब आणि तयार हात हवेत.

अमेरिका व कॅनडातील २० रुग्णालयांच्या, २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ७९३ रुग्ण होते. हृदयाची हालचाल दिसलेल्यांपैकी ३.८ टक्के रुग्ण रुग्णालयातून जिवंत घरी गेले, न दिसलेल्यांपैकी ०.६ टक्के. दुसरा आकडा लहान असला तरी शून्य नाही, आणि निव्वळ पडद्याकडे पाहून सीपीआर थांबवणे त्यामुळेच चुकीचे ठरते.

भारतात सोनोग्राफी यंत्रांना गर्भलिंगनिदान प्रतिबंधक कायदा लागू आहे. २०१२ च्या नियमांनुसार पोर्टेबल यंत्र नोंदणीकृत जागेतील आंतररुग्णांसाठी किंवा फिरत्या वैद्यकीय पथकातच वापरता येते.