बेनेडिक्टाइन मठांतील प्रहरगान

मध्ययुगीन युरोपातील ख्रिस्ती मठवासी आणि मठवासिनी रोज ठरलेल्या वेळी एकत्र येऊन लॅटिनमध्ये जी सामुदायिक उपासना गात, ती म्हणजे प्रहरगान. सहाव्या शतकात इटलीतील मोंते कासिनो येथे संत बेनेडिक्टने लिहिलेल्या नियमावलीत तिला ‘ईश्वराचे काम’ म्हटले आहे. त्याच्याआड दुसरे कोणतेही काम येऊ द्यायचे नाही, अशी ताकीदही आहे. बायबलमधील दीडशे स्तोत्रे दर आठवड्याला एकदा तरी गाऊन पुरी व्हायलाच हवीत, हा किमान नेम. आपल्याकडे सप्ताहात पारायण पुरे करतात तसेच हे. फक्त हा सप्ताह जन्मभर उठत नसे.

दिवसा सात वेळा आणि रात्री एकदा गायन होई. हिवाळ्यात रात्रीच्या आठव्या तासाला, म्हणजे साधारण दोनच्या सुमारास, सगळे उठत. चटकन उठता यावे म्हणून अंगावरच्या कपड्यांनिशी, कमरपट्टा बांधूनच झोपायचे. कमरेचा सुरा मात्र काढून ठेवायचा, झोपेत लागू नये म्हणून. बेनेडिक्टला माणसाची झोप चांगली ठाऊक असावी. रात्रीच्या उपासनेच्या आरंभीचे एक स्तोत्र मुद्दाम लांबवत, संथ गावे, म्हणजे उशिरा येणाऱ्यालाही गाठता येईल, असे तो सांगतो. त्यानंतरही जो येईल त्याने सर्वांना दिसेल असे वेगळे उभे राहायचे.

गायनाच्या मधल्या वेळात शेतीभाती, हस्तलिखितांची नक्कल, वाचन. प्रत्येकाला दिवसाला सुमारे एक रत्तल पाव आणि थोडी द्राक्षमदिरा मिळे. शिजवलेले पदार्थ दोन असत, एक ज्याला चालत नसेल त्याला दुसरा खाता यावा म्हणून. चतुष्पाद प्राण्यांचे मांस फक्त आजारी आणि अशक्तांना. जेवताना एकजण मोठ्याने ग्रंथ वाची, बाकीचे गप्प; काही हवे असल्यास खुणेने मागायचे. फ्रान्समधील क्लूनीच्या मठात पुढे उपासना इतकी वाढत गेली की अंगमेहनतीला फारसा वेळच उरला नाही. १०९८ मध्ये सीतो येथे सुरू झालेल्या सिस्टर्शियन पंथाने ती पुन्हा छाटली.

हे गायन एकपदरी, म्हणजे एका वेळी एकच चाल असलेले: साथीला वाद्य नाही, ठेका नाही, चाल शब्दांच्या ओघाने जाणारी. समोरासमोर बसलेले दोन गट स्तोत्राचे चरण आळीपाळीने गात. सुरुवातीच्या स्वरलिपीत शब्दांवर केवळ चढउताराच्या खुणा असत. नेमका स्वर कोणता, ते गुरुमुखातूनच कळे. सगळ्या चाली पाठ व्हायला दहा वर्षे लागतात, अशी ग्विदो या इटालियन मठवासीची तक्रार होती. १०२५ च्या आसपास त्याने रेघांवर स्वर मांडण्याची पद्धत पक्की केली आणि हे शिक्षण फार तर दोन वर्षांवर आणल्याचा दावा केला. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानावरील एका स्तोत्राच्या पहिल्या सहा चरणार्धांतील प्रत्येक आधीच्यापेक्षा एक स्वर वर सुरू होतो, हे हेरून त्यांची आद्याक्षरे घेऊन त्याने स्वरांना उत्, रे, मी, फा, सोल, ला ही नावे दिली. त्याच्या पोम्पोझाच्या मठातील सहकाऱ्यांना त्याचा हेवा वाटला आणि त्याला आरेत्सो या गावी जावे लागले. पोप एकोणिसाव्या जॉनने मात्र त्याला रोमला बोलावून त्याची पद्धत पाहिली.

मिस्सासाठी, म्हणजे भाकर आणि द्राक्षमदिरा अर्पण करण्याच्या विधीसाठी, मठवासिनींना पुरुष धर्मगुरू लागे, प्रहरगान मात्र त्या स्वतःच चालवत. त्यांच्यातील सर्वांत ठळक नाव बिंगेनच्या हिल्डेगार्डचे (१०९८–११७९). जर्मनीतील ऱ्हाइन नदीकाठच्या रूपर्ट्सबर्ग मठाच्या या प्रमुखेने सत्तरहून अधिक गीते आणि ‘ऑर्डो व्हिर्तुतुम’ हे संगीतनाट्य रचले. त्यात सद्गुण गातात, सैतान मात्र नुसता ओरडतो. त्याच्या वाट्याला चालच नाही.

११७८ मध्ये धर्मबहिष्कृत ठरलेल्या एका सरदाराला मठाच्या आवारात पुरल्याचा ठपका तिच्यावर आला. मरण्यापूर्वी त्याचा बहिष्कार उठला होता, असे तिचे म्हणणे. प्रेत उकरून काढण्याचा माइन्स शहरातील धर्मश्रेष्ठींचा हुकूम तिने मानला नाही, तेव्हा मठातील गायनावर बंदी आली: दारे लावून, हलक्या आवाजात नुसते वाचायचे. ऐंशीच्या घरातील हिल्डेगार्डने त्यांना पत्र धाडले. जे पुरेशा कारणाशिवाय ईशस्तुतीची तोंडे बंद करतात, त्यांना स्वर्गातल्या देवदूतांच्या गायनात जागा मिळणार नाही, असे तिने सुनावले. ११७९ च्या मार्चमध्ये बंदी उठली. त्याच वर्षी १७ सप्टेंबरला ती वारली.