क्वार्टरबॅकची जडणघडण

अमेरिकन फुटबॉलमध्ये आक्रमणाची सूत्रे क्वार्टरबॅककडे असतात. महाविद्यालयात नाव कमावलेल्या क्वार्टरबॅकला नॅशनल फुटबॉल लीग (एनएफएल) या ३२ संघांच्या व्यावसायिक स्पर्धेसाठी तयार करण्याच्या प्रक्रियेचा विचार या नोंदीत केला आहे. शालेय शिक्षण संपून तीन वर्षे लोटल्याशिवाय खेळाडू वार्षिक निवडीस (ड्राफ्ट) पात्र ठरत नाही. त्यामुळे घडणीचा पहिला भार विद्यापीठांवर पडतो. विद्यापीठाच्या प्रशिक्षकाला मात्र येत्या शनिवारचा सामना जिंकायचा असतो, आणि बहुतेक अडचणींचे मूळ तिथेच आहे.

महाविद्यालय आणि एनएफएल या दोन पातळ्यांमधील तफावतीचे कारण सहसा शॉटगन रचनेत शोधले जाते. या रचनेत क्वार्टरबॅक सेंटरला (चेंडू मागे देऊन खेळ सुरू करणाऱ्या खेळाडूला) खेटून उभा न राहता सुमारे ५ यार्ड मागे थांबतो आणि चेंडू त्याच्याकडे हवेतून येतो. तिचे जनकत्व सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनायनर्सचे प्रशिक्षक रेड हिकी यांना (१९६०) दिले जाते. परंतु चेंडू मागे उडवून खेळ सुरू करण्याची पद्धत सिंगल विंग आणि शॉर्ट पंट या जुन्या रचनांत त्याआधीच रूढ होती. हिकी यांनी तिला नाव व आधुनिक रूप दिले, एवढेच म्हणणे अधिक सुरक्षित ठरेल. टॉम लँड्री यांनी १९७५ मध्ये डॅलस काउबॉइज संघात तिचे पुनरुज्जीवन केले. महाविद्यालयांत ती घरोघरी पोचवण्याचे श्रेय काही अभ्यासक हॅल ममी व माइक लीच यांच्या पासवर भर देणाऱ्या ‘एअर रेड’ पद्धतीला देतात, तर काही जण रिच रॉड्रिगेझ यांच्या धावण्यावर आधारलेल्या, खेळाडूंना मैदानाच्या रुंदीभर पसरवणाऱ्या स्प्रेड पद्धतीला. ममी-लीच यांचे काम १९८९ पासून आयोवा वेस्लियन येथे सुरू झाले आणि त्यावर लाव्हेल एडवर्ड्स यांच्या ब्रिगम यंग विद्यापीठातील पासिंगची छाप होती. प्रत्यक्षात दोन्ही प्रवाह एकमेकांत मिसळले. पास फेकण्याच्या शिक्षणापुरते बोलायचे तर एअर रेडचे पारडे जड दिसते.

सेंटरला खेटून सुरुवात करताना तीन, पाच किंवा सात पावले मागे यावे लागते. पाच पावलांचा ड्रॉप साधारण ७ यार्डांवर संपतो. मागचा पाय टेकताच पहिला रिसीव्हर (पास झेलणारा खेळाडू) मोकळा असेल तर चेंडू सुटला पाहिजे. नसेल तर एक छोटे पाऊल पुढे आणि नजर दुसऱ्यावर. पावले हेच त्याचे घड्याळ असते. सुरुवातीची पावले लांब आणि शेवटची दोन आखूड हवीत. शेवटचे पाऊलही लांब पडले की वजन टाचेवर जाते, पुढे यायला वेळ लागतो आणि पास उशिरा निघतो. फेकताना पुढचा पाय फार लांब टाकला तर कंबर अडते व चेंडू डोक्यावरून जातो. क्रिकेटमधील पदलालित्याइतकेच हे मूलभूत आहे. केवळ शॉटगनमध्ये वाढलेल्या मुलाला आणखी एक गोष्ट जड जाते : धावण्याची हूल देताना बचावाकडे पाठ होते आणि वळल्यावर जागेवरून हललेला सेफ्टी (बचावातील सर्वांत मागचा खेळाडू) क्षणार्धात पुन्हा शोधावा लागतो. अचूकता उपजतच असते, शिकवता येत नाही, असे पूर्वी मानत. एनएफएलमधील क्वार्टरबॅक जॉश ॲलन यांचे पूर्ण पासचे प्रमाण २०१८ मधील ५२.८ टक्क्यांवरून २०२० मध्ये ६९.२ टक्क्यांवर गेल्यापासून हे मत मागे पडले आहे.

खरी कसोटी खेळ सुरू होण्यापूर्वीची. महाविद्यालयात बचाव उभा राहिला की क्वार्टरबॅक मैदानाबाहेर पाहतो, प्रशिक्षक चित्रफलक किंवा हातवाऱ्यांनी चाल बदलतो. निर्णय प्रशिक्षकाचाच राहतो. एनएफएलमध्ये १९९४ पासून हेल्मेटमधील रेडिओवरून चाल सांगितली जाते, पण चाल सुरू करण्याच्या घड्याळात १५ सेकंद उरताच तो बंद होतो. (महाविद्यालयांच्या वरच्या गटात रेडिओ २०२४ मध्ये आला.) ‘स्पायडर टू वाय बनाना’ या सुप्रसिद्ध चालीत पहिले दोन शब्द संरक्षणाचे, ‘वाय’ म्हणजे टाइट एंड (अडवणारा आणि पासही झेलणारा खेळाडू) आणि ‘बनाना’ म्हणजे त्याचा केळ्यासारखा वळणारा मार्ग. प्रत्यक्षात चालींची नावे याहून कितीतरी लांब असतात आणि नवख्याला ती घोळक्यात न अडखळता उच्चारावी लागतात. मग तो ‘माइक’ म्हणजे बचावाच्या दुसऱ्या फळीतील मधला लाइनबॅकर बोटाने दाखवतो, म्हणजे अडवणाऱ्यांना कोणी कोणाला धरायचे ते कळते. अडवणारे पाच आणि धावून येणारे सहा दिसले, तर सहावा त्याचा स्वतःचा : त्याच्या आधी चेंडू हातातून जायला हवा. माइक चुकला की मोकळा सुटलेला खेळाडू थेट अंगावर येतो.

नियमांतील दोन फरक वरवर किरकोळ वाटतात. मैदानावरील हॅश-रेषांमधील (ज्यांच्या दरम्यान किंवा ज्यांवर चेंडू ठेवून प्रत्येक चाल सुरू होते त्या खुणांमधील) अंतर महाविद्यालयात ४० फूट, तर एनएफएलमध्ये १८ फूट ६ इंच आहे. महाविद्यालयात त्यामुळे एक बाजू रुंद राहते आणि बचावाची मांडणी ओळखणे सोपे जाते. दुसरे असे, की पास होण्याआधी लाइनमनला (पुढच्या फळीतील अडवणाऱ्याला) महाविद्यालयात ३ यार्ड पुढे जाता येते, एनएफएलमध्ये १ यार्डच. धाव की पास हे ऐनवेळी ठरवण्याच्या चालींना तिथे वेळ कमी मिळतो.

नवख्याला बाकावर बसवावे की लगेच खेळवावे, हा जुना वाद आहे. आरन रॉजर्स (निवड २००५) तीन वर्षे ब्रेट फाव्हर यांच्यामागे थांबले. पॅट्रिक माहोम्स २०१७ मध्ये ॲलेक्स स्मिथ यांच्यामागे राहून एकच सामना सुरुवातीपासून खेळले आणि पुढच्याच हंगामात सर्वोत्तम खेळाडू ठरले. उलट पेटन मॅनिंग यांनी १९९८ च्या पहिल्या हंगामात २८ पास प्रतिपक्षाच्या हाती दिले, तरी ते घडले. डेव्हिड कार यांना २००२ मध्ये ७६ वेळा पाडले गेले आणि ते कधीच सावरले नाहीत. बसवण्यापेक्षा पुढची संरक्षक फळी आणि पद्धतीतील सातत्य निर्णायक असते, हे मत अधिक पटण्यासारखे आहे. खुद्द स्मिथ २००५ मध्ये पहिल्या क्रमांकाने निवडले गेले होते. सुरुवातीच्या वर्षांत जवळजवळ दर हंगामाला आक्रमणाचा नवा समन्वयक आल्याने त्यांना पुन्हापुन्हा नवी भाषा शिकावी लागली.

२०११ च्या खेळाडू-मालक करारानंतर हंगामात संरक्षक पेहरावासह सराव १४ दिवसांवर आला. नवोदितांचे वेतन निश्चित झाले, तसेच पहिल्या फेरीतील खेळाडूच्या पाचव्या वर्षाचा निर्णय तिसऱ्या हंगामानंतर घ्यावा लागू लागला. मुख्य संघासोबतचा जवळजवळ सगळा सराव पहिल्या क्वार्टरबॅकला मिळतो. राखीव खेळाडू कार्डांवर काढलेल्या प्रतिस्पर्ध्याच्या चाली आपल्याच बचावापुढे उभ्या करतो, म्हणजे आठवडाभर परकी भाषा बोलतो. पूर्वी अशांना युरोपीय स्पर्धेत खेळायला मिळे : क्वार्टरबॅक कर्ट वॉर्नर १९९८ मध्ये तिथे ॲम्स्टरडॅमकडून खेळून तयार झाले. ती स्पर्धा २००७ मध्ये बंद पडली.