पत्र्याखालचा माळा: झरोके ठेवायचे की गच्च बंद करायचा?

मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४४-४५ ला टेकला की पत्र्याच्या घरात राहणाऱ्याला दोन सल्ले हमखास मिळतात. ‘वर झरोके पाड, गरम हवा निघून जाईल’ हा एक, आणि ‘पत्र्याखाली फोम मारून माळा बंदच करून टाक’ हा दुसरा. दोन्ही बरोबर आहेत, पण वेगवेगळ्या घरांसाठी. अर्धा हा, अर्धा तो केला की पैसे पाण्यात.

माळा म्हणजे इथे पत्रा आणि पीव्हीसी किंवा पीओपीचं छत यांच्यामधली पोकळी. दुपारी तापलेल्या पत्र्याची उष्णता हवेतून खाली येते, आणि थेट किरणांनीही, चुलीसमोर बसल्यावर तोंडाला लागते तशी. झरोका बंदोबस्त करतो तो मुख्यतः हवेचा. किरण वाऱ्याने उडत नाहीत, शिवाय आत येणारी हवाही ४४ अंशांचीच. म्हणून आधी पत्र्यावर पांढरा परावर्तक रंग, छतावर रॉकवूलचा, म्हणजे दगडी तंतूंच्या उष्णतारोधक गादीचा थर, मग झरोक्याचं बोला.

झरोके जोडीने लागतात: वळचणीला हवा आत यायला, आढ्याशी बाहेर पडायला. अमेरिकेतल्या घरबांधणी नियमांत साधारण १५० चौरस फुटांच्या माळ्याला १ चौरस फूट मोकळं तोंड धरतात. एमआयडीसीतल्या गोदामांवर गरगरणारं टर्बो व्हेंटिलेटर पाहून लोक तेच घरावर बसवतात, पण वळचणीला वाटच नसते. मग ते पंख्याच्या हुकाच्या, दिव्यांच्या भोकांतून खोलीतली हवा वर ओढतं; एसी चालू असेल तर गार केलेली. भोकाशी उदबत्ती धरून पाहा. धूर वर खेचला गेला तर भोकं बुजवा.

खानदेशात घरोघरी कूलर आहेत, आणि कूलरच्या घराला झरोक्यांचा माळाच मला पसंत. कूलरची हवा बाहेर जायला वाट हवीच, नाहीतर खोलीत नुसती चिकचिक. खिडकीऐवजी छतात जाळी ठेवून ती माळ्यातून काढली, तर बाहेरच्यापेक्षा गार हवा पत्र्याखालून फिरून जाते. पावसाळ्यात जाळीवर झाकण.

एसीचे डक्ट, म्हणजे गार हवा खोल्यांत नेणारे नळ, माळ्यातून गेले असतील तर मात्र माळा बंदच हवा. फोम तेव्हा छतावर नाही, थेट पत्र्याच्या पोटाला, कुठेही फट न ठेवता. इथे झरोका ठेवलात तर उन्हाळ्यात डक्ट भाजतात आणि पावसाळ्यात दमट हवेने त्यांना घाम फुटून छत गळतं. साध्या स्प्लिट एसीला हा खर्च कशाला? छतावर रॉकवूल, बुजवलेली भोकं आणि वर उघडे झरोके पुरतात.

झरोक्यांना बारीक जाळी आणि पुढे आलेली पत्र्याची पट्टी विसरू नका. रावेर-यावलच्या केळीबागा झोपवणारा वादळी वारा पाऊस आडवाच मारतो, आणि कबुतरांना तर आमंत्रणही लागत नाही.